गुडघ्याची सूज, ठिसूळ हाडं आणि ‘हार्मोनचा कोर्स’

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातून एका मुलानं आईबद्दल विचारलं आहे. आई ६१ वर्षांच्या, हंगामात अजूनही कापूस वेचायला जातात. चार-पाच वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात, उजव्यात मधूनमधून पाणी भरतं. ३७व्या वर्षी गर्भपिशवी काढलेली. नागपूरला हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली, त्यात कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (घनतेचा आकडा, जितका उणे तितकं हाड विरळ) उणे १.६ आणि खुब्याचा उणे २.८ आला. एका डॉक्टरांनी सांगितलं, ‘सांध्याची झीज आहे आणि हाडंही ठिसूळ आहेत, हार्मोनचा कोर्स करू, दोन्हीवर चालेल.’ एका नातेवाइकानं नाकात मारायचा स्प्रे सुचवला आहे. शिवाय जवळच्या गावच्या दवाखान्यातून सुई आणि गोळ्या चालूच आहेत, त्यांनी दोन दिवसांत सूज उतरते. प्रश्न असा, की हार्मोनच्या एकाच उपचारानं सांध्याची सूज आणि हाडांचा ठिसूळपणा दोन्ही बरे होतात का, आणि सुरू करावा का?

दोन्हीवर एकच हार्मोन चालत नाही. ठिसूळ हाडांसाठी काही हार्मोन्स खरोखर कामाची आहेत, पण त्यांनी गुडघ्याची झीज थांबत नाही आणि सूजही उतरत नाही. गुडघ्याची सूज झपाट्यानं उतरवणारं एक हार्मोन आहे, ते म्हणजे स्टेरॉइड. पण पोटातून महिनोन्‌महिने घेतलं तर तेच हाडं पोखरतं. त्यामुळे ‘हार्मोनचा कोर्स’ एवढ्यावर हो-नाही सांगता येत नाही. चिठ्ठीवर औषधाचं नाव काय लिहिलं आहे ते आधी बघा. स्टेरॉइड, इस्ट्रोजेन (अंडाशयात बनणारं स्त्री-हार्मोन), कॅल्सिटोनिन, टेरिपॅराटाइड यांतलं काहीही असू शकतं, आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे.

पण चिठ्ठीच्याही आधी मला आईंच्या चालू गोळ्या बघायच्या आहेत. दोन दिवसांत सूज उतरते, हे वाक्य वाचूनच माझे कान टवकारले.

आमच्याकडं ओपीडीत ‘चालू औषधं दाखवा’ म्हटलं की पिशवीतून पन्नी निघते. ती टेबलावर उपडी केली की कात्रीनं कापलेल्या पट्ट्यांचे तुकडे पडतात. नाव छापलेला भाग दुकानातच राहिलेला असतो, हाती आलेल्या तुकड्यावर कंपनीच्या नावाची दोन अक्षरं आणि एक्स्पायरीचा अर्धा महिना. एक गोळी दुखण्याची, एक ॲसिडिटीची, आणि तिसरी इवलीशी. ‘ही कशाची?’ विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘थे गोयी घेतली का पाय मोकये होते, साहेब.’ ती इवलीशी गोळी बहुतेक वेळा बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइडच असते. अर्ध्या मिलिग्रॅमची म्हणून ती किरकोळ वाटते. पण प्रेडनिसोलोन या नेहमीच्या स्टेरॉइडच्या हिशेबानं ती जवळपास साडेतीन-चार मिलिग्रॅम होते. दिवसाला दोन म्हटलं तर सात-आठ. आता हे बघा, की प्रेडनिसोलोन दिवसाला अडीच मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त तीन महिने चाललं तरी हाडांची काळजी घ्यायला सुरुवात करा, असं संधिवातातले तज्ज्ञ सांगतात. आणि आपल्याकडच्या बाया ही गोळी वर्षानुवर्षं घेतात.

कागदात बांधून मिळणाऱ्या ‘जडीबुटीच्या’ पुड्यांचंही तेच. सगळ्यांत भेसळ असते असं मी म्हणणार नाही, पण जी पुडी दुसऱ्या दिवशी गुडघा मोकळा करते, तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्यायलाच हवी. झाडपाला इतक्या घाईनं काम करत नाही.

स्टेरॉइड वाईट औषध नाही, हेही इथंच सांगतो. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं, खिळून पडलेली बाई काही दिवसांत चालू लागली, आणि १९५० साली त्यांना केंडॉल आणि राइकस्टाइन यांच्यासोबत नोबेल मिळालं. दमा, आमवात, मूत्रपिंडाचे काही आजार यांत स्टेरॉइडवाचून आजही भागत नाही. पण तो आमवात होता. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यावर उलटलेली असते. तुमच्या आईंच्या गुडघ्यात झीज आहे आणि त्या झिजेपोटी अधूनमधून सांध्याचं आतलं अस्तर चिडतं. त्यासाठी पोटातून स्टेरॉइड म्हणजे नुसती उसनवारी.

ते हाडांचं नुकसान कसं करतं ते समजून घ्या. हाड रोज थोडं मोडतं आणि थोडं बांधलं जातं. स्टेरॉइड बांधणाऱ्या पेशींना मंद करतं, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीतून जास्त निघून जातं. पहिल्या तीन-सहा महिन्यांत हाड सगळ्यात वेगानं घटतं. शिवाय मांडीचे स्नायू वितळतात. गुडघ्याला आधार देतात ते हेच स्नायू. म्हणजे सूज उतरली, पाय मोकळे झाले, आणि वर्षभरानं बाईला जमिनीवरून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. लोक म्हणतात, ‘गुडघे अजून खराब झाले.’ कित्येकदा गुडघा होता तिथंच असतो, मांडी गेलेली असते.

घरच्या घरी बघायची लक्षणं आहेत. चेहरा गोल आणि भरलेला दिसतो, पोट सुटतं पण हातपाय काटकुळे होतात, हाताला जरा लागलं तरी जांभळे डाग पडतात, साखर आणि बीपी नव्यानं वाढलेलं सापडतं. गावातले लोक कौतुकानं म्हणतात, ‘माय आता चांगली भरली.’ यातलं काही आईंमध्ये दिसत असेल तर एक गोष्ट अजिबात करू नका: हे वाचून गोळ्या एकदम बंद करू नका. स्टेरॉइड बरेच आठवडे चाललं की शरीराची स्वतःची ग्रंथी ते बनवणं थांबवते. गोळी अचानक तोडली की उलट्या, चक्कर, बीपी घसरणं, कधी बेशुद्धी इथपर्यंत जातं, आणि ताप किंवा ऑपरेशनच्या वेळी तर जिवावर बेततं. सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तपासून, डोस टप्प्याटप्प्यानं उतरवत, फिजिशियनच्या देखरेखीखाली हे करायचं असतं.

आता गुडघ्यातल्या स्टेरॉइडच्या सुईबद्दल. ती मी स्वतः देतो, पण मोजून. गुडघा पाण्यानं टम्म भरलेला असेल, रात्रीची झोप जात असेल, तर आधी पाणी काढतो. झिजेच्या गुडघ्यातलं पाणी फिकट पिवळं, तार धरणारं असतं. सिरिंजमागे केसपेपर धरला तर अक्षरं वाचता येतात. अक्षरं दिसेनाशी झाली, पाणी गढूळ निघालं, तर मी स्टेरॉइड देत नाही, पाणी तपासणीला पाठवतो, कारण ते जंतूचं, युरिक ॲसिडचं किंवा आमवाताचं असू शकतं. स्वच्छ पाणी असेल तर एक सुई चार-सहा आठवडे आराम देते. त्या आठवड्यांत व्यायाम सुरू करायचा, एवढाच तिचा उपयोग. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गुडघ्याची झीज आणि सूज असलेल्या १४० लोकांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम किंवा नुसतं सलाइनचं पाणी गुडघ्यात दिलं. दुखणं कमी होण्यात दोन गटांमध्ये फरक दिसला नाही, आणि स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, जास्त झिजली. त्यामुळे ‘दर तीन महिन्यांनी या’ अशी तारीख देणाऱ्याकडं पुन्हा जाऊ नका. आणि मधुमेह असेल तर सुईनंतर चार-पाच दिवस साखर चढते, हे आधी माहीत असलेलं बरं.

चिठ्ठीवर इस्ट्रोजेनची गोळी असेल, तर माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. कारण सांगतो, कारण इथं आईंच्या आयुष्यातली महत्त्वाची गोष्ट दडली आहे.

सदतिसाव्या वर्षी पिशवी काढली. सोबत अंडाशयं काढली की ठेवली? हे बहुतेक बायांना माहीतच नसतं. ‘पिशवी काढली’ एवढंच सांगितलेलं असतं. त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड ट्रंकेत, पेटीत कुठं असेल तर शोधा. नसेल तर सोनोग्राफीत थोडाफार अंदाज येतो, पण या वयात अंडाशयं आक्रसलेली असतात, त्यामुळे खात्री होतेच असं नाही. दुसरी खूण अशी, की ऑपरेशननंतर लगेच अंगातून वाफा निघणं, दरदरून घाम, झोप उडणं सुरू झालं होतं का ते आईंना विचारा. दोन्ही अंडाशयं गेली असतील तर त्या दिवसापासून शरीरातलं इस्ट्रोजेन आटलं, आणि हाड घटायला लागलं. भारतातल्या बायांची पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते, म्हणजे आईंच्या हाडांनी जवळपास दहा वर्षं जास्तीची सोसली. इस्ट्रोजेन द्यायची वेळ तेव्हा होती. कमी वयात अंडाशयं काढलेल्या बाईला, कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळीसारखी अडचण नसेल, तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत ते द्यावं असंच आजचं शास्त्र सांगतं. आपल्या भागात ते क्वचितच दिलं जातं. पांढरं जातं, कंबर दुखते म्हणून पस्तिशीत पिशवी काढायची आणि टाके काढले की बाईला वाऱ्यावर सोडायचं, हा प्रकार मी इतका पाहिला आहे की त्यावर बोललो तर उत्तर भलतीकडं जाईल. पण घरात त्या वयाची बहीण, वहिनी असेल आणि तिला कुणी असं ऑपरेशन सुचवलं असेल, तर अंडाशयं का काढायची हे विचारल्याशिवाय सही करू नका.

६१व्या वर्षी नव्यानं सुरू करणं मात्र वेगळं. अमेरिकेत ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ बायांवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन स्त्री-हार्मोन्सचा मोठा अभ्यास झाला. खुब्याची फ्रॅक्चर सुमारे एक तृतीयांशानं कमी झाली, यात वाद नाही. पण स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, हृदयविकार आणि पायाच्या शिरांतल्या गुठळ्या वाढल्या, म्हणून २००२ साली तो मध्येच थांबवावा लागला. पिशवी काढलेल्या बायांना नुसतं इस्ट्रोजेन दिलेला दुसरा भागही पक्षाघाताच्या धोक्यामुळे २००४ मध्ये थांबला. त्याच बायांच्या सांध्यांचं काय झालं तेही नंतर तपासलं गेलं. वर्षभरानं सांधे दुखतात म्हणणाऱ्या बाया इस्ट्रोजेनच्या गटात शंभरात ७६, औषध नसलेल्या साध्या गोळीच्या गटात ७९. सांधे सुजतात म्हणणाऱ्या मात्र इस्ट्रोजेनच्या गटात किंचित जास्तच निघाल्या. तुमचा प्रश्न सुजेचा आहे. तेवढ्यासाठी साठीनंतर पक्षाघाताची जोखीम घ्यायला मी माझ्या पेशंटला सांगणार नाही.

नाकातला स्प्रे म्हणजे कॅल्सिटोनिन. सॅमन माशातल्या हार्मोनच्या नमुन्यावर बनवलेलं हे औषध हाड मोडणाऱ्या पेशींना आवरतं. एके काळी ठिसूळ हाडांवर भरपूर दिलं जायचं. त्याची एक खासियत आहे. मणका नुकताच दबून मोडला असेल तर त्या तीव्र दुखण्यात दोन-चार आठवडे त्यानं आराम पडतो. तेवढ्यापुरतं मीही लिहून दिलं आहे. वर्षानुवर्षं मारण्यात मात्र अर्थ नाही. फ्रॅक्चर रोखण्यात ते इतर औषधांच्या मागे आहे, आणि दीर्घ वापरात कर्करोगाचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसल्यावर २०१२ साली युरोपच्या औषध नियामकांनी ठिसूळ हाडांसाठीचा हा स्प्रे बंद करायला सांगितलं. ‘हाड आणि कूर्चा दोन्ही वाचवतं’ ही आशाही याच औषधाभोवती होती. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते दिसलंही होतं. पुढं गुडघ्याच्या झिजेवर त्याच्या तोंडानं घ्यायच्या गोळीच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या, २०१५ साली निकाल छापून आले, आणि गुडघ्यातली फट कमी होणं, म्हणजे झीज, थांबलं नाही. तुमच्या नातेवाइकानं ऐकलेलं अगदीच हवेतलं नव्हतं, फक्त जुनं झालं आहे.

टेरिपॅराटाइड हे पॅराथायरॉइड हार्मोनचा तुकडा. यादीतलं हाड खरोखर नव्यानं बांधणारं हार्मोन हेच. रोज २० मायक्रोग्रॅम, पोटावर किंवा मांडीवर कातडीखाली, इन्सुलिनसारख्या पेननं, जास्तीत जास्त दोन वर्षं. मणके मोडलेल्या बाईला ते फार उपयोगी पडतं. पण महिन्याला काही हजारांचा खर्च, पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारभर वीज गेली की फ्रिजचं कपाट होतं. कोर्स संपला की लगेच दुसरं हाड राखणारं औषध सुरू करावं लागतं, नाहीतर कमावलेलं वर्षभरात उतरतं. गुडघ्यावर त्याचा उपयोग सिद्ध नाही. आईंचा एखादा मणका आधीच दबलेला निघाला तर याचा विचार करू, तोवर नको. म्हणून पाठीचा बाजूनं एक साधा एक्स-रे काढा. कळशी उचलताना पाठीत एकदम कळ आली होती आणि ‘उसण भरली’ म्हणून पंधरा दिवस शेकलं, अशी हकीकत असेल तर तो मणकाच असू शकतो. उंची कमी झाली असेल, लुगडं पायात यायला लागलं असेल, तर शंका आणखी बळावते.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा. डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर तेही हार्मोन हाड झिजवतं. व्हिटॅमिन डीसुद्धा शरीरात हार्मोनसारखंच काम करतं. कमी असेल तर भरून काढायलाच हवं, साधारणपणे ६०,००० युनिट आठवड्याला एक, आठ आठवडे, मग महिन्याला एक. सहा लाखांची सुई मात्र नको. ऑस्ट्रेलियात वर्षाला एकदाच पाच लाख युनिट दिलेल्या म्हाताऱ्या बाया कमी पडायच्या ऐवजी जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली, हे २०१० साली समोर आलं आहे.

आता तुमच्या रिपोर्टमधली एक गंमत. कमर उणे १.६ आणि खुबा उणे २.८. एकाच बाईची हाडं दोन ठिकाणी इतकी वेगळी कशी? झिजेच्या आजारात मणक्यांच्या कडांना हाडाचे कोंब फुटतात. डेक्सा यंत्राला ते सगळं ‘हाड’ म्हणून दिसतं, आणि कमरेचा आकडा खोटाच चांगला येतो. अशा वेळी खुब्याचा आकडा धरायचा. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ठिसूळ हाडं, म्हणजे निदान पक्कं आहे. शिबिरात टाचेवर यंत्र लावून देतात त्या चिठ्ठीवर औषध सुरू करू नका.

पण केळापूर म्हटल्यावर मला दुसरंही विचारायचं आहे. पाणी कुठलं पिता? यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत हापशी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की आधी पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, मग मोठ्यांची पाठ, मान, सांधे आखडतात. हाड घट्ट दिसतं पण कणखर नसतं. डेक्साचा आकडा उत्तम येतो आणि बाई वाकू शकत नाही. अशांना वर्षानुवर्षं संधिवाताच्या गोळ्या चालू असतात. गंमत अशी, की फ्लोराइड हे एके काळी ठिसूळ हाडांचं औषध म्हणूनही देऊन पाहिलं होतं. १९९० साली छापलेल्या अभ्यासात मणक्यांची घनता भरघोस वाढली, मणक्यांची फ्रॅक्चर कमी झाली नाहीत आणि इतर हाडांची वाढली. आकडा सुधारला म्हणजे हाड सुधारलं असं नाही, हे तेव्हापासून आम्हा लोकांच्या डोक्यात बसलं आहे. आईंना मान खाली घालून हनुवटी छातीला लावता येत नसेल, कोपर पूर्ण सरळ होत नसेल, तर हाताच्या पुढच्या भागाचा एक एक्स-रे काढा. दोन हाडांमधला पडदा चुन्यासारखा पांढरा दिसला की खूण पटते. पाण्याचा नमुना पाणीपुरवठा विभागाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. तिथं काही सापडलं तर कोणत्याही औषधाआधी पाणी बदला.

रक्ताच्या तपासण्यांत मला क्रिएटिनिन, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, व्हिटॅमिन डी, टीएसएच, साखर, हिमोग्लोबिन आणि ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) हवे आहेत. हिमोग्लोबिन कमी आणि ईएसआर फार जास्त निघाला तर नुसता ठिसूळपणा म्हणून सोडून चालत नाही, पुढं तपासावं लागतं. सकाळी उठल्यावर तासभर बोटं आखडत असतील, हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर आमवाताची तपासणी वेगळी. चिकनगुनिया होऊन गेला असेल तर तेही सांगा, त्याची सांधेदुखी महिनोन्‌महिने रेंगाळते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी कधीच झाली नसेल तर तीही उरकून घ्या. आपल्या भागात खुब्याचं दुखणं ‘गुडघा दुखतो’ म्हणून येतं आणि मुळात खुब्यातल्या गोल हाडाचा रक्तपुरवठा गेलेला निघतो. सिकलसेल आणि स्टेरॉइड, दोन्हींनी तो जातो.

हे सगळं ठीक असेल, तर मी आईंच्या हाडांसाठी हार्मोन न देता ॲलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅमची आठवड्याला एक गोळी देईन. जेनेरिक स्वस्त मिळते. नियम कडक आहेत: उठल्याबरोबर, अनशापोटी, भरलेल्या ग्लासभर साध्या पाण्यासोबत, आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. आमच्याकडं घोडं तिथंच अडतं, कारण चहाशिवाय सकाळ होत नाही. आठवड्याची गोळी विसरते म्हणून मी बाजाराचा दिवस ठरवून देतो, तो कुणी विसरत नाही. छातीत जळजळ फार असेल किंवा गोळीचं जमत नसेल, तर झोलेड्रोनिक ॲसिड ५ मिलिग्रॅमचं सलाइन वर्षातून एकदा. तीन वर्षांत त्यानं मणक्यांची फ्रॅक्चर सुमारे ७० टक्के आणि खुब्याची ४१ टक्के कमी झाल्याचं २००७ सालच्या मोठ्या अभ्यासात दिसलं. पहिल्या सलाइननंतर दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येते, घाबरू नका. व्हिटॅमिन डी आधी भरून घ्यायचं आणि मूत्रपिंड तपासायचं, ते कमजोर असेल तर हे देत नाहीत. विदर्भातल्या मे महिन्यात मी हे सलाइन टाळतो, अंगातलं पाणी आटलेलं असताना मूत्रपिंडावर ताण नको. शेवटची वेचणी आटोपली की बरी वेळ. सुरू करण्याआधी किडलेले दात काढून घ्या, नंतर काढले तर क्वचित जबड्याचं हाड भरत नाही. तंबाखू, खर्रा, गुडाखू चालू असेल तर तोंडही खराब आणि हाडही.

दूध, ताक, तीळ, शेवग्याचा पाला यांतून दिवसाचं एक ग्रॅमभर कॅल्शियम जमत नसेल तर जेवणानंतर ५०० मिलिग्रॅमची गोळी. ॲलेंड्रोनेटच्या दिवशी ती दुपारी घ्यायची, सोबत नाही.

गुडघ्याला वेगळं औषधपाणी. दुखऱ्या जागी डायक्लोफेनॅकचा मलम दिवसातून तीन-चार वेळा लावायचा, पोटात जाणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या सूज असेल तेवढेच दिवस, आणि भर उन्हाळ्यात कामावरून आल्या-आल्या तर नाहीच. बाजेवर बसून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, तो दहा आकडे मोजेपर्यंत खाली दाबायचा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. खुर्चीवरून हात न लावता उठायचं, जमेल तितकं. २०२० सालच्या एका अभ्यासात वर्षअखेर गुडघ्यातल्या स्टेरॉइडपेक्षा फिजिओथेरपीनं जास्त फायदा झाला होता. मात्र सहा आठवडे व्यायाम न सोडता करावा लागतो, आणि सुईची सवय झालेल्या माणसाला सहा आठवडे फार वाटतात.

वेचणीला जाऊ नका असं मी सांगणार नाही, मजुरी किलोवर असते हे मलाही कळतं. पण ओटी गच्च भरेपर्यंत कमरेला लटकवू नका, थोडी-थोडी रिकामी करत चला. पऱ्हाट्यांचा भारा आणि पाण्याची गुंडी आता दुसऱ्या कुणी उचलायची. निंदणाला उकिडवं बसण्याऐवजी लहान पाट. संडासात कमोडची खुर्ची ठेवा, न्हाणीतला शेवाळलेला दगड घासून काढा, रात्री तिथला दिवा चालू ठेवा. खुबा मोडतो तो बहुतेक वेळा घरातच पडून.

गुडघा इतका वाकडा झाला असेल की यातल्या कशानंच भागत नाही, तर सांधा बदलण्याचा विचार करावा लागेल. त्यासाठी सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरचं मेडिकल यांपैकी जिथं तुमची सोय असेल तिथं दाखवा. हाडं ठिसूळ असल्यानं ऑपरेशन होत नाही असं नाही. पण तीन महिन्यांच्या आत गुडघ्यात स्टेरॉइडची सुई दिलेली असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो म्हणून तारीख पुढं ढकलतात. आणि त्या इवल्याशा गोळ्या कधी, किती काळ घेतल्या हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना न लाजता सांगा. पन्नीच सोबत न्या.